एडक्कल: सोमवारी जाऊ नका

पहिल्या दिवशी आम्ही बंद फाटक बघून परत आलो. एडक्कल, म्हणजे केरळातली प्राचीन कोरीव चित्रांची गुहा, सोमवारी बंद असते. इंटरनेटवर दहा ठिकाणी लिहिलेलं असूनही मी वाचलं नव्हतं. पायथ्याच्या चहाच्या टपरीवर आणखी दोन कुटुंबं तोंड पाडून बसलेली दिसली, तेवढंच समाधान.

मंगळवारी सकाळी नऊलाच पोचलो. वायनाड जिल्ह्यातल्या सुलतान बथेरी गावापासून हे अंतर बारा-एक किलोमीटर. गाडी खाली लावून पुढचा सगळा चढ पायी. तिकीट काढल्यावर पायऱ्या आणि मग चांगलेच उभे लोखंडी जिने. आईने तिकीटखिडकीपाशीच जाहीर केलं, "तुम्ही जाऊन या, माझे गुडघे इथेच थांबतात." शहाणपणाचं केलं. चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. पाण्याची बाटली पाठीवर ठेवा, दोन्ही हात मोकळे लागतात. जोराचा पाऊस असेल तर बेतच पुढे ढकला.

एडक्कल म्हणजे मल्याळममध्ये 'मधला दगड'. ही खरी गुहा नव्हेच. अंबुकुत्ती डोंगराला पडलेली उभी भेग, आणि वरून तिच्यात अडकलेली अजस्र शिळा, तेच छप्पर. आत साधारण 96 फूट लांब, 22 फूट रुंद जागा.

भिंतीवर आधी नुसत्या रेघोट्याच दिसल्या. उभ्या, आडव्या, एकमेकींवर चढलेल्या. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी चढलो?" मग वरच्या फटीतून ऊन तिरपं आलं, खाचांत सावली भरली आणि रेघांच्या गर्दीतून एक माणूस वेगळा झाला. डोक्यावर उंच शिरोभूषण. त्यानंतर बाकीचे दिसत गेले. कोकणातली कातळशिल्पं सड्यावर पायाशी असतात, आपण वाकून बघतो; इथे ती समोर उभी राहतात. म्हणून घाई करू नका, निदान अर्धा तास द्या.

ही चित्रं नवाश्मयुगीन, म्हणजे पाषाणयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली मानतात. गाईड आठ हजार वर्षं छातीठोकपणे सांगतात, पण अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. मलबारचे पोलीस अधिकारी फ्रेड फॉसेट यांनी 1890च्या दशकात ती पाहिली आणि 1901मध्ये त्यांवर लेख लिहिला. त्याच भिंतींवर बऱ्याच नंतरचे तमिळ-ब्राह्मी या जुन्या लिपीतले लेखही आहेत. ते गाईडला आवर्जून दाखवायला सांगा, एरवी नजरेतून सुटतात.

परतताना अंबलवयलचं वारसा संग्रहालय बघा. आईने तिथे वीरगळांपुढे आमच्यापेक्षा जास्त वेळ काढला.