डॅक बदलला की तंबोरा बदलतो का?

गाणं ऐकणारी मंडळी घरी जमली की चहाचा दुसरा कप होईतो डॅकचा, म्हणजे डिजिटल गाण्याचं विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या डब्याचा, प्रश्न निघतोच. "तुम्ही इतकी यंत्रं उघडता-जोडता, तर एकदाचं सांगून टाका. हजार रुपयांचा डॅक आणि चाळीस हजारांचा डॅक, ऐकताना फरक कळतो का?" विचारणाऱ्याने चाळीस हजारांचा मनातल्या मनात बहुतेक घेऊनच टाकलेला असतो. माझ्याकडून त्याला हवं असतं ते अनुमोदन.

थोडक्यात उत्तर असं: दोन्ही डॅक नीट बनवलेले असतील, दोघांचा आवाज सारखा मोजून लावला असेल आणि कुठला वाजतोय हे तुम्हाला दिसत नसेल, तर बहुधा कळत नाही. पण या तिन्ही अटी एकदम पाळून ऐकलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

डॅकचं काम एवढंच, फाइलमधल्या आकड्यांचं व्होल्टेज करून अँप्लिफायरला द्यायचं. १९८२ साली सीडी आली तेव्हा सेकंदाला ४४,१०० आकडे आणि प्रत्येक आकड्याला ६५,५३६ पायऱ्या (म्हणजे १६ बिट) असं माप ठरलं. जाहिरातींत या आकड्यांचं चित्र जिन्यासारखं काढतात आणि महागडा डॅक जिना गुळगुळीत करतो असं सुचवतात. खरं तर नेहमीच्या, फिल्टर असलेल्या डॅकमधून बाहेर पडणारी लहर जिन्यासारखी नसतेच. फिल्टर तिला पूर्ववत करतो आणि साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं जे ध्वनिमुद्रणात गेलं, तेच परत मिळतं. त्या काळी हे अवघड होतं. फिलिप्सने पहिल्या प्लेअरांत १४ बिटांची चिप घातली आणि चौपट ओव्हरसँपलिंग करून, म्हणजे मूळ आकड्यांच्या मधे गणिताने आणखी आकडे भरून, कसर भरून काढली. आज ॲपलचा फोनला हेडफोन जोडायचा बोटभर डाँगल (त्याच्या पोटातही डॅकच असतो) मोजला, तर सीडीचं माप ओलांडून पुढे जातो.

मग "अमक्या चिपचा आवाज मखमली, तमक्या चिपचा टोचरा" ही भाषा येते कुठून? एकेएम या जपानी कंपनीने आपल्या चिपांना 'व्हेल्वेट साउंड' हे नाव स्वतःच देऊन ठेवलं होतं. परीक्षणं लिहिणाऱ्यांना मखमल ऐकू येऊ लागली यात नवल ते काय! पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये एकेएमच्या नोबेओका इथल्या कारखान्याला आग लागली, चिपांचा दुष्काळ पडला आणि डॅक बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याच डॅकांत ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपा घालायला सुरुवात केली. टॉपिंग कंपनीच्या डी९० या डॅकमध्ये एकेएमची चिप होती, नंतर आलेल्या डी९०एसई मध्ये ईएसएसची. दोन्ही इतके स्वच्छ, की आवाज जुळवून ऐकलं तर मखमल कुठली नि टोचणी कुठली हे हुडकणं कठीण.

सगळी गोम आवाज जुळवण्यातच आहे. डॅकचं प्रमाण मानलेलं आउटपुट २ व्होल्ट. प्रत्यक्षात एखादा १.९ देतो, एखादा २.१. हा फरक जवळजवळ ०.९ डेसिबलचा झाला. एवढ्याने 'मोठं वाजतंय' असं कुणी म्हणत नाही. 'खुललंय' म्हणतात, 'डग्गा भरीव लागतोय' म्हणतात, 'गवई समोर बसल्यासारखा वाटतो' म्हणतात. डाँगल तर १ व्होल्टच देतो, म्हणजे ६ डेसिबल खाली. दुकानात डाँगल काढून लगेच मोठा डॅक लावून दाखवतात, तेव्हा सामना सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

जुळवायचं कसं, तेही सांगतो. १०० हर्ट्झचा सूर वाजवायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावायचा आणि जास्त देणाऱ्या डॅकचा व्हॉल्यूम उतरवत दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत आणायचे. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलहूनही कमी. अगदी स्वस्तातला, एसीची २०० व्होल्टचीच रेंज असलेला मल्टिमीटर इथे कामाचा नाही, मिलीव्होल्ट दाखवणारा हवा. सूर १०० हर्ट्झचा अशासाठी, की साधे मीटर विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपास भरवशाचे असतात आणि १० किलोहर्ट्झला काहीही दाखवतात. मग डॅक बदलायला दुसऱ्याला बसवायचं आणि आपण भिंतीकडे तोंड करायचं. १६ वेळा ओळखायचं. किमान १२ वेळा बरोबर आलं तर कान खरंच काहीतरी पकडतोय असं म्हणायला जागा आहे, कारण नुसत्या अंदाजाने इतकं जमण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते.

पुण्यात एका स्नेह्यांकडे असा घाट घातला होता. त्यांचा भाचा सोफ्यामागे बसून अदलाबदल करत होता, आणि मी त्याला कानात सांगून ठेवलं होतं की मधूनमधून काहीच बदलू नकोस, फक्त बटणाचा आवाज कर. बटण कट्कन वाजलं. ज्यांच्या कानाबद्दल मला आजही आदर आहे असे एक नाना डोळे मिटून म्हणाले, "आता बघा, तंबोऱ्याची जवारी कशी मोकळी झाली!" तोच डॅक, तीच फाइल. नाना खोटं बोलत नव्हते. पुन्हा लक्ष देऊन ऐकलं की पहिल्या खेपेला निसटलेलं काही सापडतंच, आणि त्याचं श्रेय नव्या डब्याला जातं. भाच्याला हसू आवरेना म्हणून त्याला पाणी आणायला आत पाठवावं लागलं.

यावर कुणीतरी संशोधनाचं विचारतंच. मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ मध्ये सीडीहून बारीक मापाच्या ध्वनिमुद्रणांच्या वाटेत सीडीच्या मापाचं रूपांतर घालून लोकांना ओळखायला लावलं. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा आकडा ५२.३ टक्क्यांवर गेला. सराव केलेल्यांचा त्याहून बरा. हे प्रयोग ध्वनिमुद्रणाच्या मापाबद्दलचे आहेत, दोन डॅकांबद्दलचे नाहीत, पण फरक असलाच तर केवढ्या मापाचा असतो याची कल्पना यावी.

आता जिथे फरक खराच असतो तिथे येऊ. काही मंडळींना बिनफिल्टरचे, ओव्हरसँपलिंग न करणारे डॅक आवडतात. त्यांचा आवाज वेगळा असतोच, कारण गणितानेच तो १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून जास्त उतरतो. या उताराला ते 'गोडवा' म्हणतात. म्हणोत. इक्वलायझरमध्ये तोच उतार फुकटात मिळतो, पण आवडलाय तर घ्या, माझं भांडण नाही.

दुसरा फरक खरखरीचा, आणि आपल्याकडच्या घरांत हाच सगळ्यात जास्त सतावतो. लॅपटॉप यूएसबीने डॅकला जोडलेला, डॅक अँप्लिफायरला, आणि स्पीकरमधून बारीक गुणगुण. चार्जर काढला की बंद, लावला की चालू. हे ग्राउंड लूपचं लक्षण. दोन उपकरणांचं अर्थिंग दोन वाटांनी जातं आणि मधला घोटाळा तारेतून अँप्लिफायरात शिरतो. जुन्या इमारतीत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थची तार नुसती लोंबकळत असते, ती गोष्ट वेगळीच. तिथे आधी वायरमन, मग डॅक. लूप तोडायला सर्वांत सोपा उपाय ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. टीव्हीला तसं आउटपुट बहुधा असतं, काही कॉम्प्युटरांनाही. ऑप्टिकल इनपुट असलेला साधा डॅक लावून एखाद्याची गुणगुण गेली, तर तो पैसे वसूल झाले म्हणेल आणि मीही मान डोलवेन.

तिसरा फरक हेडफोनवाल्यांचा. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा, म्हणजे जास्त व्होल्टेज मागणारा हेडफोन १ व्होल्टच्या डाँगलवर लावला तर हळू मुद्रित केलेली मैफल मनासारखी मोठी होत नाही. तेच डॅक-अँप एकत्र असलेल्या डब्यावर लावलं की जीव येतो. हा जीव अँपचा आहे, डॅकच्या नावावर जमा होतो एवढंच. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर तर ॲपलचा डाँगल पूर्ण व्हॉल्यूमसुद्धा देत नाही, आणि बिचारा फुकट बदनाम होतो.

शिवाय आपण ऐकतो काय, ते पाहा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या, कुणीतरी कॅसेटवरून उतरवून दिलेल्या खाजगी मैफली. तबकडीवर अगदी वरच्या कंपनांचे बारीक ध्वनी मुळात नाहीतच, कॅसेटवर ते खरखरीत बुडालेले. तिथे लाखाचा डॅक लावला तरी तो खरखर तेवढी इमानेइतबारे ऐकवेल.

याउलट स्पीकर बदलला, किंवा नुसता शोकेसच्या कोपऱ्यातून काढून दोन हात पुढे घेतला, तर खर्जात कित्येक डेसिबल इकडचे तिकडे होतात. खाली टाइल्स, चारी भिंती मोकळ्या, समोर काचेची खिडकी अशा दिवाणखान्यात तानेचा एक एक स्वर मागच्या स्वरावर सांडतो. तिथे जाडजूड सतरंजी आणि पुस्तकांचं कपाट जे करतात ते कुठली चिप करत नाही. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. सतरंजीवर निळा दिवा लागत नाही ना!

एवढं ऐकूनही घ्यायचाच असेल तर ऑप्टिकल इनपुट असलेला घ्या, व्हॉल्यूमची खुंटी हाताला लागेल असा घ्या, आणि परत घेण्याची मुदत लिहून देणाऱ्या दुकानातून घ्या. त्या मुदतीतच एका रविवारी जुन्या डॅकशी आवाज जुळवून ऐका. मिलीव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर नसेल तर माझा घेऊन जा; नऊ व्होल्टची बॅटरी तेवढी तुमची घाला.