कॅज्युअल्टीला तापट माणूसच लागतो का?

लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक, नुकतीच एमबीबीएस झालेली मुलं, सगळे हेच विचारतात: कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, टिकायला मुळातच तापट, कुणाला न जुमानणारा स्वभाव लागतो ना? तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

नाही लागत. माझ्या आसपास बडबडे आहेत, मुखदुर्बळ आहेत, देवभोळे आहेत. मायर्स-ब्रिग्ज नावाच्या स्वभावचाचणीत माणसांचे 16 प्रकार पाडतात. ड्यूटी-रूममध्ये मुलं मोबाइलवर ती सोडवत बसतात. माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. माणूस कोणत्या प्रकारचा, यापेक्षा तो ऐन घाईत बोलतो कसा, यावर पेशंटचा जीव असतो.

हृदय बंद पडलेल्या पेशंटला दर 3 ते 5 मिनिटांनी 1 मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन द्यावं लागतं. 'कुणीतरी अ‍ॅड्रिनलिन द्या' असं ओरडलं, की दोघी सिस्टरांना वाटतं, दुसरी देतेय. म्हणून जिला सांगायचं तिच्याकडे बघून सांगायचं: 'सिस्टर, अ‍ॅड्रिनलिन 1 मिलिग्रॅम, आयव्ही.' (आयव्ही म्हणजे शिरेतून.) तिने ते परत म्हणायचं, आणि देऊन झालं की 'दिलं' म्हणायचं. एकाने वेळ लिहायची. हे मुखदुर्बळालाही जमतं. आमच्यातले सगळ्यांत हळू बोलणारे डॉक्टर सूचना देऊ लागले, की ट्रॉली ढकलणारे मामासुद्धा थांबून ऐकतात.

तापटपणाचं मात्र मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी एका इंटर्न मुलीला सगळ्यांदेखत झापलं. दुपारी अपघाताच्या एका पेशंटच्या श्वासनलिकेत मी नळी टाकली, तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, चढायच्या ऐवजी उतरायला लागलं. नळी जास्त आत जाऊन उजव्या बाजूला शिरली होती, त्यामुळे डाव्या फुफ्फुसात हवा जात नव्हती. ती मुलगी डाव्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभी होती. तिला कळलं होतं, पण ती बोलली नाही. माझ्या लक्षात येऊन मी नळी मागे घेईपर्यंत आकडा 88 वरून 79 वर आला होता. पेशंट वाचला. संध्याकाळी तिला विचारलं, तेव्हा खाली बघत म्हणाली, 'मॅडम, तुम्ही परत ओरडाल असं वाटलं.'

त्या रात्री मला झोप लागली नाही. आता ड्यूटी सुरू होताना मी प्रत्येक इंटर्नचं नाव विचारून घेते. नळी टाकली, की नावानेच विचारते, 'डावीकडे हवा जातेय का?' उत्तर येईपर्यंत नळीवरचा हात काढत नाही.