परदेशी प्रवेशाचा अर्ज आणि बडोद्यातले कागद

परदेशी विद्यापीठात अर्ज करायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते ती विद्यापीठांच्या क्रमवारीची, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील गुणांची आणि कोणत्या देशात पुढे नोकरी मिळेल याची. आधी भाचीच्या आणि नंतर दांडिया बाजार, रावपुरा भागातील ओळखीच्या मुलांच्या अर्जांत लक्ष घातल्यावर माझे मत असे झाले आहे की, या सगळ्यातला खरा वेळखाऊ भाग परदेशात नसतोच. तो इथे बडोद्यात असतो: आपल्या विद्यापीठाच्या खिडकीवर, नोटरीच्या टेबलापाशी आणि बँकेच्या शाखेत. निबंध दोन-तीन आठवड्यांत लिहून होतो. मार्कशीटवरचे नाव तेवढ्यात बदलून मिळत नाही.

नावाचा प्रश्न आपल्या गुजरातेतील मराठी घरांना जरा जास्तच छळतो. शाळेच्या कागदांवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव, त्याला बहुधा ‘भाई’ जोडलेले. म्हणजे मार्कशीटवर ‘जोशी मधुरा प्रकाशभाई’, आधारवर ‘मधुरा प्रकाश जोशी’ आणि वडिलांच्या बँक खात्यावर ‘प्रकाशराव’, अशी एकाच घरात तीन रूपे सहज सापडतात. बोलण्यात ‘भाई’ गोडच वाटते, तक्रार त्याबद्दल नाही. पण परदेशातील प्रवेश कार्यालयाला आणि व्हिसा तपासणाऱ्याला प्रकाशभाई आणि प्रकाशराव हे एकच गृहस्थ आहेत हे कळण्याचा काही मार्ग नसतो. पुढे सर्वत्र पासपोर्टच प्रमाण मानला जातो, म्हणून प्रत्येक अर्जात नाव पासपोर्टप्रमाणे भरावे आणि बाकीच्या कागदांतील फरकांसाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे एफिडेव्हिट मुलीचे आणि वडिलांचे, दोघांचेही तयार ठेवावे. स्पेलिंगच चुकलेले असेल तर एफिडेव्हिटवर न थांबता दुरुस्ती करून घ्यावी, कारण शाळेमार्फत बोर्डापर्यंत जाणारे ते काम कोणाच्या प्रवेशाच्या मुदतीसाठी थांबत नाही की धावत नाही.

दुसरा कागद ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सर्व सत्रांचे गुण दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या अधिकृत पत्रकाचा. मुले फक्त गुणांची मागणी करतात आणि गुणांकनाची पद्धत स्पष्ट करणारे पत्र मागायचे विसरतात. जर्मनीसाठी अर्ज करणाऱ्याला हे पत्र किती महत्त्वाचे आहे, हे एका हिशेबाने समजेल. तिथे १.० हा सर्वोत्तम आणि ४.० हा उत्तीर्णतेचा काठावरचा गुणांक असतो, आणि आपले गुण त्या मापात बसवताना कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करून, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधील फरकाने भागून, आलेल्या उत्तराला ३ ने गुणून त्यात १ मिळवतात. दहापैकी ८ सीजीपीए असलेल्या मुलाचा गुणांक, उत्तीर्णतेची किमान पातळी ४ धरल्यास २.० येतो आणि ५ धरल्यास २.२ येतो. जिथे २.० ची अट असते तिथे एवढ्या फरकाने अर्ज बाद होऊ शकतो, म्हणून किमान पातळी नेमकी किती हे विद्यापीठाच्या शिक्क्यासह लिहून घेतलेले बरे.

जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी भारतीय पदव्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद खरे असल्याचा दाखला, आवश्यक झाले आहे. त्याचे शुल्क १८,००० रुपये असून कागदांत काही खोट निघाली तर सगळेच लांबते. अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत जातात, तिथे पहिल्या अर्जाला ७५ आणि त्याच सत्रातील पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात. हिवाळी सत्रासाठी १५ जुलै ही तारीख सर्वांच्या तोंडी असली, तरी परदेशी विद्यार्थ्यांसाठी मास्टर्सच्या कित्येक अभ्यासक्रमांची मुदत त्याच्या बऱ्याच आधी संपते. अमेरिकेत तर सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राचे अर्ज आदल्या वर्षीच्या डिसेंबर-जानेवारीत मागवले जातात.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीकॉम झालेल्यांनी मात्र आणखी एक गोष्ट अगोदर पाहावी: अमेरिकेतील बरीच विद्यापीठे मास्टर्ससाठी चार वर्षांची पदवी मागतात.

सल्लागारांविषयी. अलकापुरीत त्यांच्या पाट्या दर चार पावलांवर दिसतात आणि त्यांत प्रामाणिक माणसेही आहेत. पण ‘आमची फी काही नाही’ असे कोणी म्हणाले, तर पैसे कुठून येतात हे विचारावे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील अनेक विद्यापीठे प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठे साधारणतः देत नाहीत. त्यामुळे सल्लागाराच्या यादीत काय आहे यापेक्षा काय नाही, हे मी आधी पाहते.

शिफारसपत्राच्या बाबतीत आपल्याकडे ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हा प्रकार सर्रास चालतो. तिन्ही पत्रांची भाषा विद्यार्थ्याच्या निबंधासारखीच निघाली की वाचणाऱ्याला ते लगेच कळते. त्याऐवजी प्रोजेक्टचा अहवाल, गुणपत्रक आणि आपण त्यांच्या हाताखाली नेमके काय केले याचे पानभर टिपण सरांना द्यावे आणि लिहू त्यांना द्यावे. प्रयोगशाळेतील एका खऱ्या प्रसंगाचे वर्णन ‘अत्यंत हुशार व मेहनती’ या दहा ओळींपेक्षा जास्त उपयोगी पडते. अनेक विद्यापीठे पत्र थेट प्राध्यापकांच्या संस्थेच्या ई-मेलवरून मागतात, म्हणून सर जीमेलच वापरत असतील तर संस्थेचा पत्ता चालू आहे ना, हे नम्रपणे विचारून घ्यावे.

राहिला पैशांचा भाग. याच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती, आणि तिच्यासोबतही दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होताच. आज कराराच्या जागी तारण आले आहे. जर्मनीसाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दरमहा ९९२ म्हणजे वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते, त्यामुळे काकांकडून आदल्या आठवड्यात घेतलेले पैसे तिथे चालत नाहीत. कर्ज काढायचे तर सरकारी बँका साधारणपणे ७.५ लाखांच्या वर तारण मागतात, निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही ठिकाणी सूट असते. तारण म्हणजे घर, आणि आपल्याकडची जुनी घरे बहुधा अजून आजोबांच्याच नावावर असतात. बँकेचा वकील वारसनोंद पाहतो, सर्व वारसांच्या सह्या मागतो, आणि त्यांतली एक आत्या पुण्यात तर एक काका इंदूरला असतात. मुलगा जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला बसेल त्याच महिन्यात वडिलांनी घराचे कागद काढून या सर्वांना फोन करायला घ्यावेत.