जुन्या सायकलचा रंग कंपनीचाच आहे का? आधी उलटी करून बघा

परवा एका मित्राने एका जुन्या काळ्या रोडस्टर सायकलचे नऊ फोटो पाठवले, खाली लिहिलेलं, "एकदम ओरिजिनल पेंट, कसला शाईन आहे बघ!" नऊच्या नऊ फोटो वरून आणि बाजूने काढलेले. मी म्हटलं शाईन राहू दे, सायकल उलटी कर आणि बॉटम ब्रॅकेटखालचा (म्हणजे पॅडलचा आस जिथे फिरतो त्या भागाखालचा) फोटो पाठव. जरा फुगला बहुतेक, पण पाठवला. फ्रेम नंबर असा दिसत होता की जणू त्यात मेण ओतलंय, ८ कुठला आणि ३ कुठला ते कळेना. माझ्यापुरता विषय तिथेच संपला.

कारण साधं आहे. नंबर रंगाच्या आधी ठोकतात, आणि फॅक्टरीतला भट्टीत भाजलेला एनॅमल असतो पातळ, त्यामुळे आकड्यांच्या कडा रंगाखालूनही धारदार जाणवतात, नख फिरवलं तर अडकतं. नंतर कोणी ब्रशने दोन-तीन हात मारले की पहिले बुजतात ते आकडे. लगच्या कडांचंही तेच, म्हणजे जिथे नळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात तिथली नक्षीदार कड. ती गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखी गोल झालेली दिसली की वर जाड थर आहे असं समजा, आणि पावडर कोटिंग (भुकटी भाजून बसवलेला जाड रंग) असेल तर विचारूच नका. (नंबर सगळ्यांचा खालीच असतो असं नाही हां, पुष्कळ सायकलींना तो सीटच्या लगवर असतो.)

मी रंग बघताना रंगाकडे बघतच नाही, बघतो क्रम. कशाच्या आधी काय झालं. फॅक्टरीत फ्रेम जोडली, नंबर ठोकला, साफ केली, रंग, भट्टी, मग सोनेरी रेषा, नावाचे ट्रान्सफर (चिकटवायची छापील नावं), त्यावर वार्निश, आणि हे सगळं झाल्यावर हँडलचे कप दाबून बसवले, ब्रेक लावले, नट आवळले. मग मालकाच्या हातात गेल्यावर घासणं, टवके, गंज. हा क्रम जिथे उलटा दिसेल तिथे मधे कोणाचा तरी हात फिरलाय. कपाच्या क्रोमवर रंगाची बारीक कड चढलीये? म्हणजे कप आधी, रंग नंतर. ब्रेकच्या बोल्टच्या आट्यांमध्ये रंग? तेच. मागचं चाक काढा आणि ड्रॉपआउट, म्हणजे चाकाचा आस बसतो ती फ्रेमची खाच, बघा, तिथे नट वर्षानुवर्षं आवळून आवळून गोल ठसा पडलेला असतो, रंग चिरडून खालचं लोखंड चमकतं. त्या ठशावर छान गुळगुळीत रंग बसलेला असेल तर मधल्या काळात काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको.

आणि माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे गंजाचे खड्डे. वरचा रंग गुळगुळीत, चकचकीत, पण उजेड तिरका पाडला की खाली देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे दिसतात. गंज वर्षं घेतो खड्डा पाडायला, आणि इथे खड्ड्याच्या आतल्या भिंतीपर्यंत रंग पोचलाय, म्हणजे आधी गंज, मग पॉलिश पेपर, मग रंग. खऱ्या जुन्या रंगात गंज खालून येतो, टवक्याच्या कडेने रंगाला उचलून धरतो, आजूबाजूला तपकिरी डाग पसरतो. कुरूप दिसतं, पण मला असं दिसलं की जीव भांड्यात पडतो.

उलट चूक पण होते, आणि ती मी स्वतः केलीये. माझ्याकडे एक ब्रिटिश स्पोर्ट्स सायकल आली, मळकट तपकिरी, ना धड लाल ना धड चॉकलेटी, मला वाटलं कोणीतरी उरलेला डबा संपवलाय हिच्यावर. बसलो रबिंग कंपाऊंड घेऊन. जोर लावून घासलं, फडक्यावर सोनेरीसर काहीतरी आलं, मला वाटलं मळ. दिव्याचा ब्रॅकेट काढला तेव्हा त्याच्याखाली डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल रंग, आतून उजळल्यासारखा. तेव्हा पितळ उघडं पडलं, माझं. तो होता फ्लॅमबॉयंट फिनिश, म्हणजे खाली चंदेरी किंवा सोनेरी थर आणि त्यावर रंगीत पारदर्शक लॅकर, प्रकाश आत जाऊन खालच्या थरावरून परत येतो म्हणून तो तसा पेटल्यासारखा दिसतो. ब्रिटिश सायकलींवर युद्धानंतर हा फार चालला, तिकडे अमेरिकेत श्विन कंपनीनेही आपल्या काही रंगांना हेच नाव दिलेलं. पण या पारदर्शक लाल रंगाला ऊन सोसत नाही, तो उडतो, तपकिरी पडतो. आणि फडक्यावर आलेलं ते सोनेरी म्हणजे टॉप ट्यूबवरची (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीवरची) हाताने मारलेली रेष होती. अख्खी गेली. उजव्या बाजूची थोडी उरलीये, तिच्याकडे बघून अजून चिडचिड होते.

तर फिकट, विचित्र, एका बाजूला वेगळा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा रंग दिसला तर आधी क्लॅम्पखाली, बिल्ल्याच्या कडेला, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) माथ्याखाली बघा, जिथे ऊन पोचत नाही. तिथला रंग गडद आणि बाहेरचा फिकट, पण मधे नखाला पायरी लागत नाही, थर एकच, असं असेल तर तो बहुधा मूळचा. पायरी जाणवली तर दोन थर.

रेषांवरून पण कळतं. जुन्या रेषा लांब केसांच्या बारीक ब्रशने एका दमात ओढलेल्या, सुरुवातीला किंचित जाड, शेवटी निमुळत्या, कोपऱ्यात दोन टोकं जराशी एकमेकांवर चढलेली. चिकटपट्टी लावून मारलेली रेष सगळीकडे एकसारखी आणि दोन्ही कडांना बारीक उंचवटा. फार परफेक्ट रेष दिसली की मला उलट शंका येते.

आता भानगड अशी की काही वेळा "चुकीचं" दिसणारंच बरोबर असतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश सायकलींवर क्रोमऐवजी काळाच रंग असायचा, हँडल, रिम, क्रँक सगळं काळं, तेव्हा काळं हँडल बघून लगेच रीपेंट म्हणू नका. उलटीकडून, १९१० ची म्हणून दाखवलेली सायकल निळसर चकाकत असेल तर तो क्रोम आहे, आणि क्रोम सायकलींवर सर्रास दिसायला लागला १९३० च्या आसपास, त्याआधी निकेल, जे जरा पिवळट, ऊबदार दिसतं. जुन्या ब्रिटिश सायकलच्या मागच्या मडगार्डच्या शेवटी बऱ्याचदा पांढरा पट्टा असतो तोही शोधा, रात्री मागून दिसावी म्हणून असायचा, आणि रीपेंट करणारे हमखास त्याच्यावरून काळा फिरवतात. हबवरचा (चाकाच्या मधल्या भागावरचा) शिक्का सुद्धा बघा, स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरवाल्या एडब्ल्यू हबवर (हा हब १९३६ पासूनचा) बऱ्याचदा वर्षाचे दोन आकडे आणि महिना ठोकलेला असतो. चाक बदललेलं असू शकतं, म्हणून एवढ्यावर विसंबू नका, पण रंग ज्या काळाचा वाटतो आणि हब ज्या वर्षाचा आहे ते जुळलं तर बरं वाटतं.

मग बिआंकी, ही इटालियन कंपनी, आणि तिचा सेलेस्ते नावाचा निळा-हिरवा रंग. "हा सेलेस्ते नाहीये, फारच हिरवा आहे" असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात, आणि या कंपनीने तोच रंग वर्षानुवर्षं कधी निळसर, कधी हिरवट असा बदलत नेलाय. मोबाईलवरच्या फोटोशी जुळवून निकाल देण्यात अर्थ नाही. छापील कॅटलॉगसुद्धा रंगाचं नाव कळायला ठीक, छटेला नाही.

आणखी एक गोंधळ म्हणजे इंग्लंडमधले चांगले फ्रेम बनवणारे, उदाहरणार्थ डर्बीचे मर्सियन, जुन्या फ्रेम परत रंगवून द्यायचे. रेसिंगवाले लोक फ्रेम पाठवायचे आणि नवी कोरी होऊन परत यायची, नव्या ट्रान्सफरसकट. हा रंग ओरिजिनल म्हणायचा का? मी म्हणतो नाही, पण खरवडायचाही नाही, तोही आता जुनाच झालाय.

थिनरची टेस्ट बरेच जण सुचवतात. भट्टीत भाजलेला एनॅमल थिनरच्या एका बोळ्याला सहज दाद देत नाही, स्प्रे कॅनचा रंग लगेच चिकट होऊन कापसावर येतो, हे खरंय. पण करायची तर बॉटम ब्रॅकेटखाली, नखाएवढ्या जागेत. फ्लॅमबॉयंटवर आणि ट्रान्सफरच्या जवळपास अजिबात नको, सगळं धुऊन निघेल. आणि थर बघायला घासायचंच असेल तर पाण्याने ओलं करून घासा, कोरडं नको, जुन्या रंगात शिसं असतं, अमेरिकेने घरगुती रंगांतलं शिसं बंद केलं ते थेट १९७८ ला. ती धूळ छातीत घेऊ नका.

त्या मित्राचं काय झालं सांगायचं राहिलं. दोन दिवस गप्प होता, मग डायनॅमोचा क्लॅम्प काढून त्याखालचा फोटो पाठवला. हिरवा! गडद, काचेसारखा. ज्याने कोणी काळा मारला त्याने खालचा चकचकीत रंग घासायचे कष्टही घेतले नव्हते, त्यामुळे काळ्याला धड पकडच नाहीये, प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकला की पोपडे निघतात. आळशी माणसाचे असे उपकार होतात कधी कधी. आता तो रोज संध्याकाळी बसून थोडं थोडं काढतोय, तीन बोटं रुंद जागा झालीये, आणि काल रात्रीच्या फोटोत हिरव्यावर सोनेरी रेषेचं टोक दिसायला लागलंय, किंचित जाड.