लाल चेंडू परत आणण्याचा सराव

गेली काही वर्षे मी आठवड्यातून तीन संध्याकाळी पुण्यातील एका क्लबात इंग्लिश बिलियर्ड्सचा सराव करीत आहे. त्यातील पहिली दोन वर्षे मी एकच गोष्ट मोजत होतो, ती म्हणजे वीस प्रयत्नांत किती इन-ऑफ साधले, म्हणजे आपला पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूला लागून किती वेळा पॉकेटात गेला. हा आकडा हळूहळू सोळा-सतरापर्यंत गेला, तरी सामन्यात माझा ब्रेक (एका पाळीत सलग मिळवलेले गुण) तिशीच्या पुढे क्वचितच जाई. त्याचे कारण आमच्या मार्करकाकांनी एके दिवशी गुण लिहिता लिहिता सांगितले. "साहेब, पांढरा पॉकेटात जातोय, ते दिसतंय मला. पण लाल कुठं जातोय, ते बघता का तुम्ही?" मी ते खरोखरच पाहत नव्हतो.

ज्या फटक्यावर हे बोलणे झाले, तो बिलियर्ड्सच्या सरावाचा पाया आहे. लाल चेंडू टेबलाच्या मधल्या ठिपक्यावर ठेवायचा, आपला चेंडू डीच्या (टेबलाच्या आपल्याकडील टोकाच्या अर्धवर्तुळाच्या) मध्यापासून वीतभराहून थोडा कमी उजवीकडे बॉक लाइनवर (त्याच टोकाच्या आडव्या रेषेवर) ठेवायचा आणि लाल चेंडूच्या उजव्या कडेवर नेम धरून हाफ बॉल, म्हणजे लालचा अर्धा भाग झाकेल असा फटका, खेळायचा. फटका बरोबर बसला तर आपला चेंडू उजवीकडच्या वरच्या (समोरच्या टोकाच्या) पॉकेटात जातो आणि तीन गुण मिळतात. हाफ बॉलवर इतका भर देण्यामागे ठोस कारण आहे. साइड (बाजूची फिरकी) न देता घरंगळत गेलेला चेंडू या जाडीला, म्हणजे एवढा भाग झाकून लागल्यावर, सुमारे ३४ अंशांनी वळतो आणि हे त्याचे जास्तीत जास्त वळण असते; त्यामुळे नेम केसभर जाड किंवा पातळ झाला तरी त्या चेंडूची दिशा फारशी बदलत नाही. म्हणूनच बऱ्यापैकी सरावाने इन-ऑफ साधू लागतो, आणि म्हणूनच केवळ इन-ऑफ मोजणाऱ्याची फसगतही होते.

खरी परीक्षा असते ती फटक्याच्या जोराची. लाल चेंडू डावीकडच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर), तेथून वरच्या कुशनवर आपटून टेबलाच्या मध्यभागाकडे परत आला पाहिजे, कारण आपला चेंडू पॉकेटात गेल्यामुळे पुढचा फटका आपल्याला पुन्हा डीमधूनच खेळायचा असतो. जोर कमी पडला तर लाल वरच्या कुशनजवळच रेंगाळतो, आणि जास्त झाला तर तो बॉकमध्ये, म्हणजे बॉक लाइनच्या मागे, उतरतो, जेथे डीमधून त्याच्यावर थेट खेळताच येत नाही. आता मी टेबलाच्या लाकडी कडेवर, मधल्या पॉकेटाच्या दोन्ही बाजूंना साधारण दीड-दीड फुटावर चॉकचे ठोकळे ठेवतो आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यात लाल थांबला तरच तो प्रयत्न धरतो. या मापाने पहिल्या दिवशी सोळा इन-ऑफपैकी केवळ पाच हिशेबात बसले. त्या रात्री मला वाईट वाटले, परंतु दोन वर्षे काय चुकत होते हेही तेव्हाच नेमके कळले.

जोर आवरण्यासाठी मला सर्वांत उपयोग झाला तो क्यूवरची (खेळायच्या काठीवरची) पकड सैल करण्याचा. मूठ आवळली की क्यू शेवटच्या क्षणी झटका घेतो, नकळत साइड लागते आणि जोराचा अंदाज बिघडतो. हे तपासण्यासाठी मी आरंभीची दहा मिनिटे एकच चेंडू टेबलाच्या मधल्या ठिपक्यांवरून सरळ वर मारतो. तो वरच्या कुशनवरून परत क्यूच्या टिपेपाशी आला नाही, तर पुढचा सराव सुरूच करीत नाही.

अर्थात नुसत्या इन-ऑफवर खेळ उभा राहत नाही. नियमाप्रमाणे सलग पंधरा पॉट (दुसरा चेंडू पॉकेटात घालणे) आणि इन-ऑफनंतर कॅनन (एकाच फटक्यात आपला चेंडू इतर दोन्ही चेंडूंना लागणे) घ्यावाच लागतो, म्हणजे लालवरच्या इन-ऑफने ४५ गुणांपर्यंतच जाता येते. मोठे ब्रेक टेबलाच्या वरच्या भागात, पॉट आणि कॅननच्या साखळीतून उभे राहतात. १९९२ साली जागतिक व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात गीत सेठी यांनी १२७६ गुणांचा ब्रेक केला, त्या पातळीवर तीनही चेंडू हाताच्या अंतरात ठेवण्याचे कसब लागते. याच पुण्यात जन्मलेल्या आणि १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवणाऱ्या विल्सन जोन्स यांचा विचार मनात आला की मला या खेळाविषयी फार आपुलकी वाटते. त्या वरच्या खेळाकडे मी अजून वळलेलो नाही, कारण लाल हवा तेथे थांबवता येत नसेल तर तेथे दोन कॅननपलीकडे जाता येणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

सध्या पावसाळा सुरू आहे. मार्करकाका रोज बॉककडून वरच्या दिशेने ब्रश मारून कापडावर इस्त्री फिरवतात, तरीही ओलाव्याने टेबल जड झाले आहे आणि उन्हाळ्यात पट्ट्यात थांबणारा लाल आता हातभर मागे राहतो. काल वीस प्रयत्नांत नऊ जमले. आज खेळायला सुरुवात करण्यापूर्वी पहिले पाच फटके मी फक्त कापडाचा वेग ओळखण्यासाठी खेळणार आहे, आणि ते मोजणार नाही.