पेठेतली रिकामी जागा: फक्की, चुना आणि मालकांच्या अटी

पेठेतल्या एका पाडलेल्या वाड्याच्या रिकाम्या जागेवर आम्ही काहीजण, मालकांच्या परवानगीने, तात्पुरतं चित्रकाम करतोय. मागच्या वेळी त्याबद्दल लिहिलं तेव्हा राडारोडा जागेवरच होता. तो आता हलला. वाडा उतरवून बराच काळ लोटला, वारसांचं आपसात जमत नाही, जुन्या भाडेकरूंचा प्रश्न लोंबकळतोय, त्यामुळे बांधकाम अडलेलं. पुण्याच्या पेठांतून फिरा, असे प्लॉट गल्लोगल्ली दिसतील. तिथे फक्त गाजर गवत जोमात असतं. त्याचा मानही आपल्याच गावाकडे आहे, १९५० च्या दशकात ते देशात प्रथम नजरेत भरलं ते पुण्यात. उपटताना हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना चहाच्या खात्यावर बसवा. फुलोरा यायच्या आत उपटलंत तर पुढची कटकट बरीच वाचते.

गवत निघालं आणि काय करायचं हे भिंतीनेच सांगितलं. शेजारच्या इमारतीला लागून असलेली भिंत म्हणजे पाडलेल्या वाड्याचा उभा छेद आहे. खाली हिरव्या ऑइलपेंटचा कमरेइतका पट्टा, वर निळसर चुना. तुळया बसायच्या ती चौकोनी भोकं एका रांगेत. डावीकडून वर तिरकी गेलेली जिन्याची खूण, तिच्या शेजारी दोन कोनाडे आणि एका फडताळाची चौकट, फळीच्या खाचांसकट. माडीच्या कोपऱ्यात भिंत काळी कुळकुळीत, म्हणजे तिथे चूल. एका खुंटीला अजून सुतळीचा तुकडा लोंबतोय. यावर वरून चित्र काढायचं म्हणजे आपणच आपलं काम बिघडवायचं. म्हणून ठरलं असं: कोनाड्यांच्या आत पांढरा चुना, खुणांच्या कडेने गेरूची रेघ, काळ्या भागाला हात लावायचा नाही.

जमिनीवर वाड्याचा नकाशा फक्कीने आखतोय, मूळ मापात. जोत्याचे दगड काही ठिकाणी शाबूत आहेत, त्यावरून बाहेरची हद्द मिळाली. आतलं मात्र माणसांकडूनच काढावं लागतं. पूर्वी इथे भाड्याने राहिलेल्या एक आजी येऊन गेल्या. त्यांच्या मते आम्ही माजघर फारच ऐसपैस केलंय. “अरे, एवढं असतं तर आम्ही सहाजण ओसरीवर कशाला झोपलो असतो?” दुसऱ्या बिऱ्हाडातले काका म्हणतात, ओसरी एवढी लांब नव्हतीच. दोघांच्या रेघा ठेवल्यात, एक पांढरी, एक गेरूची. वाद मिटवण्यापेक्षा तो मोकळ्या मैदानात आखलेला बरा. पोरांनी तेवढ्यात चौकात क्रिकेट मांडलं आणि स्वयंपाकघरात गेला तर आउट असा नियम केला. तोही ठेवलाय.

आता मुद्द्याचं, कारण यावरच सगळ्यांचं घोडं अडतं: परवानगी. मालकाला चित्राची भीती नसते, चित्र जाणार नाही याची असते. आपल्याकडे भिंतीवर देवाची एक टाइल बसली की पुढे पणती, मग कठडा, मग पत्रा, आणि मग तिथून काही हलत नाही. म्हणून आम्ही स्वतःहूनच लिहून दिलं: देवाचं चित्र नाही, नेत्याचं नाव नाही, छप्पर नाही, वीज-पाण्याचं कनेक्शन नाही, जमिनीत एकही खड्डा नाही. सांगाल तेव्हा जागा रिकामी. डबे-कुंड्याही टाळल्या, पावसात पाणी साचून डासांच्या अळ्या झाल्या की नोटीस मालकाच्या नावाने निघते. अटी वाचल्यावर ज्येष्ठ वारसांचा चेहरा सैलावला आणि ना हरकत पत्र मिळालं. सहमालक अनेक असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, एकाच्या तोंडी ‘हो’वर ब्रश उचलू नका. भिंत शेजाऱ्यांची, त्यांचं पत्र वेगळं घेतलं.

हे वेड आपलंच आहे असं नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २०१० च्या सप्टेंबरातल्या भूकंपानंतर गॅप फिलर नावाचा गट सुरू झाला. पुढे २०११ च्या फेब्रुवारीतल्या मोठ्या भूकंपाने शहराचा मध्यभागच रिकामा झाला, तिथे त्यांनी जुन्या वॉशिंग मशीनमध्ये नाणं टाकून गाणं लावायची नाचाची जागा केली आणि तीन हजारांवर लाकडी पॅलेट रचून मंडप उभा केला. तो २०१२ च्या डिसेंबरात उघडला आणि २०१४ मध्ये उतरवला. उलट उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. चित्रकार टायरी गायटन यांनी १९८६ पासून हायडेलबर्ग स्ट्रीटवरची ओस घरं आणि मोकळ्या जागा रंगवल्या, टाकाऊ वस्तूंनी सजवल्या. जग बघायला आलं, तरी नगरपालिकेने १९९१ आणि १९९९ मध्ये त्यातला काही भाग पाडला. काम म्हणून मला हायडेलबर्ग जास्त आवडतं. पण पेठेत टिकायचं तर रस्ता क्राइस्टचर्चचा.

साहित्याचंही तेच सूत्र. ‘फेविकॉल घाला, पक्कं होईल’ असं सांगणारे रोज एक भेटतात. पक्कं नकोच आहे. शिवाय जुन्या चुन्याच्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की ओल आत कोंडते आणि गिलावा फुगतो, शेजाऱ्यांना काय तोंड दाखवणार? चुनकळी भिजवून मुरवलेला चुना फडक्यातून गाळायचा, दुधाइतका पातळ करायचा, भिंत ओली करून हात मारायचा. ओला असताना काहीच दिसत नाही. समोरच्या गॅलरीतून विचारणा झाली, “नुसतं पाणीच मारताय का?” सुकल्यावर कोनाडे पांढरेफेक झाले तेव्हा गॅलरी गप्प होती. रंग मिसळायचा तर चुन्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर हाताला लागतो. गेरू, पिवळी माती आणि भुकटीची नीळ चुन्यात टिकतात. हळद टाकली की लाल होते. पोरांना मुद्दाम दाखवलं, कुंकूही असंच होतं ही गोष्ट सांगितली. चुन्याचं काम मोठ्यांनीच करायचं, डोळ्यांना चष्मा लावून. पोरांकडे गेरू आणि फक्की.

गेरूच्या रेघांत डिंक अगदी नावाला घातलाय. पहिल्या दोन-चार मोठ्या सरींत त्या ओघळतील आणि नकाशा तर त्याआधीच जाईल. चुना मात्र भिंतीवर राहील, तसं शेजाऱ्यांना आधीच सांगितलंय आणि त्यांना ते हवंच आहे.

राहिलंय ते माडीचं काम. शिडी तिथवर पोचत नाही, परांची बांधायची तर बांबू जमिनीत रोवावे लागतील आणि खड्डा न करण्याची अट आपलीच आहे. मांडववाल्याकडे चाकांची लोखंडी परांची मिळते, पण दगडगोट्यांवर ती सरळ उभी राहील का याची शंका आहे. खाली फळ्या टाकून कुणी वापरली असेल तर कळवा, पाऊस तोंडावर आलाय.