वय झालं म्हणे!

दोन-तीन महिने बाबा जिना चढले की धापा टाकत होते आणि आम्ही सगळे एकसुरात, "वय झालं." आज रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, तर तळाला गेलेलं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" बाबा म्हणाले, "ती चिमुकली? ती आहेच की दहा वर्षं." त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं!

घरी येऊन वाचत बसले. अ‍ॅस्प्री नावाच्या मोठ्या औषधचाचणीतले १९,११४ ज्येष्ठ, बहुतेक सत्तरीपुढचे. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, बाबांच्या त्या चिमुकल्या गोळीतलंच औषध. २०२३ साली आलेल्या विश्लेषणात या गटात अ‍ॅनिमियाचा (हिमोग्लोबिन कमी होण्याचा) धोका साधारण २० टक्क्यांनी जास्त निघाला. पोटात, आतड्यात थेंबथेंब रक्त झिरपत असेल तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, लोह मात्र हळूहळू संपतं.

मी लगेच "बंदच करू या ती गोळी" म्हटलं, तर डॉक्टरांनी मलाच थांबवलं होतं. बाबांना स्टेंट आहे, त्यांना ती लागतेच. (चाचणीतल्या लोकांना हृदयविकार नव्हता, हे मला नंतर कळलं.) आता एंडोस्कोपी, लोहाची गोळी, पोटासाठी आणखी एक.

बाबा तेव्हापासून धुमसतायत, "एका गोळीपायी दोन गोळ्या!"